सांध्यातील अंतःक्षेपणानंतर घोड्याची शुश्रूषा : बुलढाणा जिल्ह्यातील कामकरी घोड्यांच्या संदर्भात

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार मानले जातात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या रेगूर जमिनीचा प्रदेश. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा मुरमाड व उंचसखल पठाराचा. घोड्याच्या पायाच्या दृष्टीने या दोन भूमी अगदी भिन्न आहेत, आणि पुढील विवेचनात या भेदाचा उल्लेख पुन्हा करावा लागेल. सिंदखेडच्या जाधवरावांच्या काळी या मुलखात घोडा हे लष्करी बळ होते. नंतर तो टांग्याला जुंपला गेला. टांगाही आता बहुतेक नाहीसा झाला आहे. आज या जिल्ह्यात घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत, पालखीच्या सोहळ्यात, किंवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या दारी. संख्येने हे घोडे थोडे असले तरी ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका घोडीवर चालतो, त्या कुटुंबाला तिच्या मागच्या पायातील एक दुखरा सांधा म्हणजे ऐन हंगामातील मिळकतीचा प्रश्न असतो.

अशा लंगड्या जनावराच्या सांध्यात स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण करण्याची, म्हणजे व्यवहारातील भाषेत सांध्यात इंजेक्शन देण्याची, पद्धत शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांतून हळूहळू बाहेर पसरली आहे. अंतःक्षेपण कसे करावे याची चर्चा पाठ्यपुस्तकांत विपुल आहे. त्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत जनावराचे काय करावे, याविषयी मात्र मालकाला व मोतद्दाराला मिळणारी सूचना बहुधा ‘दोन दिवस आराम द्या’ एवढ्या एका वाक्यात आटोपते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच मधला काळ होय.

वरातीच्या घोडीचे काम बाहेरून पाहणाऱ्यास हलके वाटते. वास्तविक तसे नाही. घोडा स्वस्थ उभा असता त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. वाद्यांच्या तालावर नाचविताना घोडी मागच्या पायांवर उभी केली जाते, तेव्हा सारा भार, वर नवरदेवासह, मागच्या दोन पायांवर येतो. आणि तो येतो डांबरी रस्त्यावर, लोखंडी नालांवर, पाय घसरू नये म्हणून आखडून धरलेल्या सांध्यांवर. त्यातही हा भार विशेषेकरून मागील पायाच्या मध्यावरील कोनाकृती सांध्यावर, ज्यास पशुवैद्यकात हॉक म्हणतात त्यावर, पडतो. हा सांधा एक नसून एकावर एक रचलेल्या चार सांध्यांची चळत आहे. सर्वांत वरचा सांधा मोठी हालचाल करतो. खालचे दोन जवळजवळ हलतच नाहीत, ते केवळ धक्का पेलतात. झीज बहुधा या खालच्या दोन सांध्यांत सुरू होते. जुन्या सालोत्र्यांना ही व्याधी ‘हड्डा’ या नावाने चांगली परिचित होती, आणि तिचे स्थानही त्यांनी अचूक ओळखले होते. पालखीबरोबर किंवा लांब रस्त्याने चालणाऱ्या घोड्यात पुढच्या पायाचा खुराच्या आतील सांधा आणि खुराच्या वरचा, फेटलॉक नावाचा सांधा, हे अधिक वेळा दुखावतात.

सांध्याची रचना येथे थोडक्यात सांगणे पुरे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत व मज्जातंतूही नाहीत. सांध्याला आतून संधिकलेचे अस्तर असते आणि ती संधिद्रव स्रवते. द्रवाला त्याचा बुळबुळीतपणा हायलुरॉनिक आम्लामुळे येतो. कूर्चेला मज्जातंतू नसल्याने तिची झीज जनावराला थेट जाणवत नाही. जाणवते ती संधिकलेची व संधिकोशाची सूज, आणि पुढे कूर्चेखालील हाडाची वेदना. अंतःक्षेपणोत्तर शुश्रूषेचे सारे तर्कशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे, कारण औषध मुख्यतः जे दुखते त्यावर काम करते, आणि जे झिजते ते मुकेच राहते.

कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी हॉलंडर यांनी माणसाच्या सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हीट यांनी मोठ्या जनावरांच्या सांध्यांतील तशाच उपयोगाचा वृत्तांत दिला. हायलुरॉनिक आम्ल त्याआधीच, १९३४ मध्ये, मायर व पामर यांनी गाईच्या डोळ्यातील काचद्रवातून वेगळे केले होते. घोड्याच्या सांध्यात त्याचा उपयोग १९७० च्या सुमारास सुरू झाला. आज वापरली जाणारी प्रमुख औषधे म्हणजे ट्रायअ‍ॅम्सिनोलोन अ‍ॅसिटोनाइड, मेथिलप्रेड्निसोलोन अ‍ॅसिटेट, बीटामेथॅसोन आणि त्यांच्या जोडीला कधी हायलुरॉनिक आम्ल. ही सर्व स्टेरॉइडे एका गुणाची नाहीत. मेथिलप्रेड्निसोलोनाचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, परंतु त्याने कूर्चेतील पेशींना अपाय होतो असे अनेक प्रयोगांत दिसून आले. याउलट कोलोरॅडो येथे फ्रिस्बी व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन दिलेल्या घोड्यांची कूर्चा न दिलेल्यांपेक्षा चांगल्या स्थितीत आढळली. म्हणून फार हालचालीच्या सांध्यासाठी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन निवडावे, हा आजचा सर्वसाधारण कल आहे. कोणते औषध, किती मिलिग्रॅम व कोणत्या सांध्यात दिले, हे मालकाला लेखी मिळाले पाहिजे. पुढील प्रत्येक निर्णय या माहितीवर अवलंबून असतो.

शुश्रूषेचा आरंभ अंतःक्षेपणापूर्वीच होतो. सांध्यावरील कातडी निकोप असली पाहिजे. ग्रामीण भागात लंगड्या पायाला बिब्ब्याचा चटका लावण्याची किंवा तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीत अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. अशा ताज्या चट्ट्यातून सुई घालणे म्हणजे कातडीवरील जंतू सांध्यात पोचविण्याची सोय करणे होय. अशा वेळी जखम पूर्ण भरेपर्यंत थांबावे. दुसरी गोष्ट धनुर्वाताची. पाळीव प्राण्यांत घोडा या रोगाला सर्वाधिक बळी पडणारा आहे, आणि त्याचे जंतू लिदीत व तबेल्याच्या मातीत असतातच. लस दिल्याची खात्री नसेल, तर ती व्यवस्था त्याच भेटीत व्हावी.

अंतःक्षेपणानंतर पहिले चोवीस तास घोडा ठाणावर किंवा लहानशा आवारात ठेवावा. खाली कोरडा, स्वच्छ कडबा किंवा भुसा असावा. लीद दिवसातून दोन-तीन वेळा काढावी. गुडघा, फेटलॉक यांसारख्या खालच्या सांध्यांवर निर्जंतुक गादी ठेवून हलकी पट्टी बांधता येते व ती दुसऱ्या दिवशी काढतात. हॉकच्या कोनावर पट्टी नीट बसत नाही. ती सरकून दोरीसारखी आवळते. त्यामुळे तेथे पट्टी न बांधणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात तर जाड पट्टीखाली घाम साचून कातडी भिजते, आणि ज्या संसर्गापासून बचाव करावयाचा त्यालाच ओलावा मिळतो. दोन दिवस पाय धुऊ नये, घोडा तळ्यात किंवा नदीत नेऊ नये. तेल, मलम, लेप, शेक यांपैकी काहीही त्या सांध्यावर लावू नये. चोळणे तर सर्वथा वर्ज्य. मोतद्दाराच्या हाताला मालिशीची सवय असते आणि ते त्याच्या प्रेमाचे लक्षणही असते. म्हणून ही मनाई त्याला कारणासह सांगितली नाही, तर ती पाळली जाण्याची शक्यता कमी.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अंतःक्षेपणानंतर सांधा सुजला, तर दोन शक्यता असतात. एक, औषधाच्या किंवा सुईच्या क्षोभाने आलेली निर्जंतुक सूज. दुसरी, सांध्यात शिरलेल्या जंतूंचा संसर्ग. पहिली बहुधा पहिल्या दिवशी दिसू लागते, सांधा गरम व भरलेला लागतो, घोडा थोडा लंगडतो, आणि थंड पाण्याचा शेक व वेदनाशामक यांनी दोन-तीन दिवसांत ती ओसरते. दुसरीत घोडा पाय टेकेनासा होतो. केवळ खुराचे टोक जमिनीला लावून उभा राहतो, खात नाही, घाम फुटतो, नाडी वाढते. ताप येतोच असे नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावयास हवी. ताप नाही म्हणून संसर्ग नाही हा निष्कर्ष पुष्कळदा घातक ठरतो.

एवढ्यावर भेद संपता तर काम सोपे होते. अडचण ही की, स्टेरॉइड स्वतःच दाह दडपून टाकते. त्यामुळे संसर्ग झालेला सांधाही पहिले काही दिवस शांत दिसू शकतो, आणि लक्षणे आठवड्याने किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होतात. तोपर्यंत घोडा बरा झाला असे समजून तो कामास लावलेला असतो आणि लंगडेपणाचा दोष एखाद्या ठेचेला किंवा नालेला दिला जातो. म्हणून पहिले चौदा दिवस हे निरीक्षणाचे दिवस मानावेत. सकाळ-संध्याकाळ तपमान घ्यावे. निरोगी प्रौढ घोड्याचे तपमान साधारणपणे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते आणि विश्रांतीतील नाडी मिनिटास २८ ते ४४. अंतःक्षेपणापूर्वीचे त्याच घोड्याचे आकडे टिपून ठेवले असतील, तर तुलना अधिक विश्वसनीय होते. सांधा व त्याच्या जोडीचा दुसऱ्या पायाचा सांधा यांवर हाताची पालथी बाजू ठेवून उष्णता पाहावी. ठाणापासून पाण्याच्या हौदापर्यंत घोडा रोज जसा चालतो तसाच आज चालला काय, एवढे पाहणेही अशिक्षित मोतद्दाराला उत्तम जमते. किंबहुना रोजच्या सहवासामुळे सूक्ष्म फरक त्याच्याच दृष्टीस आधी पडतो.

संशय आला, तर निर्णय संधिद्रवाच्या परीक्षणाने होतो. निरोगी संधिद्रव फिकट पिवळा, पारदर्शक व चिकट असतो. त्यात प्रथिन शंभर मिलिलिटरला २ ग्रॅमच्या आत आणि पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला काही शेकड्यांच्या आत असतात. संसर्गात द्रव गढूळ व पातळ होतो, प्रथिन ४ ग्रॅमच्या वर जाते व पेशींची संख्या ३०,००० च्या पुढे चढते. निर्जंतुक क्षोभातही पेशी वाढतात, हे खरे, आणि या दोहोंच्या सीमेवरचे आकडे गोंधळात टाकतात. अशा वेळी संसर्ग आहे असे धरून चालणे हाच सुरक्षित मार्ग होय. क्षोभाला संसर्ग समजल्यास थोडा खर्च व्यर्थ जातो. संसर्गाला क्षोभ समजल्यास सांधा जातो, आणि घोड्याच्या बाबतीत सांधा जाणे म्हणजे पुष्कळदा घोडाच जाणे.

हा धोका किती मोठा? ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शर्यतीच्या घोड्यांना दिलेल्या १६,६२४ अंतःक्षेपणांमागे १३ सांध्यांत संसर्ग आढळला, म्हणजे सुमारे १,२७९ मध्ये एक. प्रमाण अल्प आहे. परंतु ते सराईत पशुवैद्यांच्या हातचे व सुसज्ज तबेल्यांतील प्रमाण आहे. झाडाखाली, धुळीत, अर्ध्या वापरलेल्या कुपीतून दिलेल्या अंतःक्षेपणाला ते लागू करता येत नाही. शिवाय औषधाने सांध्याची प्रतिकारशक्ती कशी ढळते याचेही प्रमाण उपलब्ध आहे. १९८९ मध्ये गस्टाफसन व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, सांध्यात देण्याच्या एका सल्फेटयुक्त औषधाबरोबर स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे शंभराहूनही कमी जंतू गेले, तरी संसर्गास तेवढे पुरतात. एका सुईच्या टोकावर याहून कितीतरी अधिक जंतू मावतात.

संसर्गावर उपाय म्हणजे सांधा निर्जंतुक द्रावाने धुणे आणि सांध्यात व शरीरात प्रतिजैविके देणे. हे तालुक्याच्या दवाखान्यात नेहमी शक्य होईलच असे नाही. शेजारच्या जिल्ह्यात अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे. पहिल्या चोवीस तासांत धुतलेल्या सांध्याची आशा नंतर धुतलेल्या सांध्यापेक्षा निश्चितच अधिक असते. म्हणून वाहन कोणाचे, जावयाचे कोठे व संदेश कोणाला द्यावयाचा, हे अंतःक्षेपणाच्या दिवशीच ठरवून ठेवावे. रात्री अकरा वाजता घोडा तीन पायांवर उभा असता ते ठरविण्यात वेळ जाऊ नये.

वेदनाशामकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. फेनिलब्युटाझोन वा फ्लुनिक्सिन रोज चालू ठेवल्यास लंगडेपणा झाकला जातो आणि निरीक्षणाला अर्थ उरत नाही. ते द्यावयाचे तर पशुवैद्याने नेमून दिलेल्या मुदतीपुरतेच. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरण्यास भारतात २००६ पासून बंदी आहे, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांचा संहार झाला. माणसांसाठीची कुपी गावच्या दुकानात सहज मिळते, म्हणून ती घोड्याला टोचावी असे नव्हे.

खुराच्या आतील पापुद्र्यांचा दाह, ज्यास लॅमिनायटिस म्हणतात, हा स्टेरॉइडाचा दुसरा संभाव्य उपद्रव. या भीतीने ट्रायअ‍ॅम्सिनोलोनाची एका वेळची एकूण मात्रा १८ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा संकेत बरीच वर्षे पाळला गेला. नंतरच्या पाहण्यांत, याहून मोठ्या मात्रेनंतरही, निरोगी घोड्यात हा रोग विरळाच आढळला. तरी हा दिलासा सर्वांना सारखा लागू नाही. स्थूल, मानेवर चरबीचा कंगोरा आलेले, पूर्वी खूर दुखलेले किंवा म्हातारे घोडे यांच्यात स्टेरॉइडाने रक्तातील इन्सुलिन वाढते व धोका खरा असतो. वरातीच्या घोडीला मालक गुबगुबीत राखतो, कारण गिऱ्हाइकाला ती तशीच आवडते. वरातीतही तिला कौतुकाने गूळ व डाळ चारली जाते. अंतःक्षेपणानंतर निदान दोन आठवडे हरभरा निम्म्याने कमी करावा, गूळ पूर्ण बंद ठेवावा, कडबा व वाळले गवत यांवर भर द्यावा. दोन्ही पुढचे खूर गरम लागणे, खुरावरच्या नाडीचे ठोके जोराने जाणवणे, घोड्याने पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेणे, ही लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे.

आता कामावर परत आणण्याचा प्रश्न. येथे एकच वेळापत्रक सर्वांना लागू करता येत नाही. सांधा, औषध, झिजेचे प्रमाण व काम यांवर ते अवलंबून राहते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे मानता येईल. पहिला दिवस ठाणावर. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी हाताने धरून दहा-पंधरा मिनिटे सरळ रेषेत चालविणे, दिवसातून दोनदा. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत हा वेळ अर्ध्या तासापर्यंत वाढवावा. मात्र पाठीवर खोगीर नको. दुसऱ्या आठवड्यात खोगिरासह चाल, आणि तो आठवडा संपत येताना सरळ, मऊ वाटेवर दोन-तीन मिनिटांची दुडकी. लांब दोरीवर लहान वर्तुळात फिरविणे या काळात टाळावे, कारण वर्तुळाच्या आतील पायांच्या सांध्यांना पीळ बसतो. दोन आठवड्यांच्या अखेरीस दुडकीत मान वरखाली होत नाही, पुठ्ठ्याची एक बाजू अधिक उसळत नाही, असे दिसले तरच तिसऱ्या आठवड्यात नेहमीचे हलके काम. दोन पायांवर उभे राहून नाचणे या क्रमात सर्वांत शेवटी येते.

औषधाचा गुण तर दोन-चार दिवसांतच दिसू लागतो. मग इतके थांबावयाचे कशासाठी, असा प्रश्न मालक विचारतो आणि तो अयोग्य नाही. त्याचे उत्तर सांध्याच्या मघा सांगितलेल्या रचनेत आहे. वेदना ही जनावराची स्वतःची लगाम असते. औषधाने ती लगाम सैल होते, परंतु कूर्चा व हाड होते तसेच राहते. घोडा दुखऱ्या पायावर पूर्वी टाकत नव्हता तेवढा भार आता निर्धास्तपणे टाकतो. ऑस्ट्रेलियातील शर्यतीच्या घोड्यांवरील २०१४ च्या एका अभ्यासात, स्टेरॉइडाचे स्थानिक अंतःक्षेपण झालेल्या घोड्यांत त्यानंतरचे काही आठवडे हाडे व स्नायुबंध दुखावण्याचे प्रमाण इतरांहून ठळकपणे अधिक आढळले. याचा सर्व दोष औषधाकडे जात नाही, कारण ज्यांना अंतःक्षेपण दिले जाते ते घोडे मुळातच दुखावलेले असतात. तथापि धोक्याचा काळ कोणता, हे त्यावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील शर्यतींच्या सध्याच्या राष्ट्रीय नियमांत सांध्यातील अंतःक्षेपण व शर्यत यांत निदान १४ दिवसांचे अंतर सक्तीचे केले आहे, ते याच विचाराने.

वरातीच्या घोडीला असा नियम कोणी घातलेला नाही. तिच्या कामाची तारीख पंचांग ठरविते, आणि वैशाखात एकेका दिवशी दोन-दोन मुहूर्तांचे विडे घेतलेले असतात. मालकाने आगाऊ रक्कम स्वीकारलेली असते व ती बहुधा खर्चही झालेली असते. ‘परवा लग्न आहे, इंजेक्शन द्या’ अशी मागणी अशा वेळी पशुवैद्यापुढे येते. या मागणीला नकार देणे हाच योग्य मार्ग होय. परंतु नुसता नकार दिल्यास मालक दुसऱ्या, बहुधा अनधिकृत, हाताकडे वळतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीलाच करता येतो, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आजाराने काम करण्यास असमर्थ झालेल्या जनावराला कामास लावणे हा अपराध मानतो. कायद्याचा धाक दाखविण्यापेक्षा मालकाशी हिशेब मांडणे अधिक उपयोगी पडेल. दोन वराती दुसऱ्याच्या घोडीवर सोपविल्याने होणारा तोटा आणि घोडी कायमची निकामी झाल्याने होणारा तोटा यांची तुलना त्याला समजावून सांगण्याची फारशी गरज नसते. ती कोणीतरी त्याच्यासमोर शांतपणे मांडावी लागते, इतकेच. नाचविणे वगळून नुसते मिरविण्याचे काम स्वीकारणे, हाही एक मधला मार्ग आहे. पण तोसुद्धा दोन आठवड्यांनंतरचा.

हंगामाचा विचार केल्यास याहून चांगला मार्ग दिसतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाह होत नाहीत. वरातीची घोडी हे चार महिने जवळजवळ रिकामी असते. सांध्यांची तपासणी, क्ष-किरण चित्रे, नालांची फेररचना आणि आवश्यक ठरल्यास अंतःक्षेपण हे सारे चातुर्मासात उरकल्यास घाई कोठेच करावी लागत नाही. मात्र घाटाखालच्या गावांत पावसाळ्यात रेगूर मातीचा चिखल खुराला गच्च धरतो, नाल उपटतो व पाय ओढून काढताना सांध्याला हिसका बसतो. तेथील घोड्याला या दिवसांत गावाजवळच्या मुरमाड रस्त्यावर किंवा पांदीच्या टणक कडेने चालवावे. घाटावर हा प्रश्न कमी. तेथे चढउतार हा प्रश्न असतो. उतार उतरताना पुढच्या पायांवर व चढताना हॉकवर भार वाढतो, म्हणून पहिले दोन आठवडे राजूर घाटासारख्या चढणीच्या वाटा वर्ज्य समजाव्यात. चातुर्मासात घोडी रिकामी आहे म्हणून चोवीस तास आखूड दोरीने बांधून ठेवणे हेही अपायकारकच. झिजलेला सांधा न हलल्याने अधिक ताठरतो.

पालखीच्या अश्वांचे वेळापत्रक नेमके उलट आहे. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर अश्व असतात, आणि ही वाटचाल सुमारे महिनाभराची असते. आळंदीच्या सोहळ्यातील अश्व तर बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून चालत येतात व पुढे रिंगणात धावतात. अशा घोड्यांच्या बाबतीत ज्येष्ठ व आषाढ हा श्रमाचा काळ असल्याने उपचार निदान फाल्गुन-चैत्रातच पूर्ण व्हावयास हवेत, आणि चालण्याचा सराव त्यानंतर टप्प्याटप्प्याने महिना-दीड महिना. वाटेत अंतःक्षेपण देऊन दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम गाठणे, ही कल्पना मुळीच मान्य करता येणार नाही. नियोजनात एखादा राखीव अश्व ठेवल्यास हा प्रसंगच उद्भवत नाही.

नालबंदाचा सहभाग येथे फार उपेक्षिला गेला आहे. खुराचे टोक लांब वाढलेले असल्यास प्रत्येक पावलाला पाय उचलताना सांध्यांवर अधिक ताण येतो. दर पाच ते सहा आठवड्यांनी खूर छाटून समतोल ठेवल्याने काही घोड्यांत जो आराम पडतो, तो औषधाने पडणाऱ्या आरामाहून टिकाऊ असतो. नाल व खूर यांचे काम अंतःक्षेपणाच्या आधी दोन-चार दिवस करून घ्यावे. औषध दिल्यावर लगेच दुखरा पाय दुमडून अर्धा तास वर धरून ठेवणे बरे नव्हे. डांबरी रस्त्यावर सतत काम असणाऱ्या घोड्याच्या नालेखाली रबराचे अस्तर घालता येते. त्याने धक्का कमी होतो व घसरणेही कमी होते.

घोडे-बाजाराच्या संबंधात एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. विक्रीपूर्वी थोडे दिवस सांध्यात स्टेरॉइड देऊन लंगडेपणा लपविणे सहज शक्य आहे, आणि बाजारातील नुसत्या दुडकीवरून ते ओळखता येत नाही. खरेदीदाराने सांध्याच्या जागी केस कापल्याच्या किंवा भादरल्याच्या खुणा शोधाव्यात, पाय दुमडून काही काळ धरल्यावर घोडा लगेच कसा धावतो ते पाहावे, आणि मोठी रक्कम गुंतत असल्यास रक्ततपासणी मागावी. औषधाचे अंश शरीरात किती काळ सापडतील, हे औषध, मात्रा व सांधा यांनुसार बदलते. म्हणून तपासणी निर्दोष निघाली तरी ती पूर्ण हमी होत नाही.

राहिला पुनरावृत्तीचा प्रश्न. पहिल्या अंतःक्षेपणाचा गुण सहा-आठ महिने टिकला, दुसऱ्याचा चार, तिसऱ्याचा दोन, असा क्रम दिसू लागला, तर औषध बदलण्यापेक्षा निदान पुन्हा तपासणे आवश्यक आहे. हॉकचे खालचे सांधे कालांतराने आपोआप जुळून जातात व त्यानंतर वेदना थांबते. अशा घोड्यास हलके काम करता येते. वरचा सांधा, गुडघा किंवा फेटलॉक यांबाबत अशी आशा धरता येत नाही. ही वाटचाल कळावी यासाठी प्रत्येक घोड्यामागे एक वही असावी. तीत तारीख, सांधा व कोणत्या बाजूचा, औषध व मात्रा, पुढील चौदा दिवसांची सकाळ-संध्याकाळची तपमाने, पहिली दुडकी कोणत्या दिवशी, पहिली वरात कोणत्या दिवशी आणि लंगडेपणा पुन्हा केव्हा दिसला, एवढे रकाने पुरतात. वही मोतद्दाराजवळ राहावी; घोडी विकली गेली, तर ती घोडीबरोबर जावी.